एसी बंद, शांतता

आमच्याकडे ॲक्शन म्हणत नाहीत.
आधी एसी बंद करतात,
मग फ्रीजचा प्लग काढतात,
मग शाजीला खुणेनं सांगतात, बाबा, श्वास हळू घे.
पोछ्याच्या दांड्याला चिकटवलेल्या रेकॉर्डरला
त्याचं नाक ऐकू येतं.
रेकॉर्डरला पायमोजा घातलाय.
धुतलेला, असं शाजी म्हणतो.

फहाहील, चौथा मजला, रऊफ परकारचा हॉल.
शुक्रवार. बाहेर अठ्ठेचाळीस.
एका टेकला नव्वद सेकंद मिळतात,
नंतर शर्वाणीताईंची मिशी सुटते.

रस्त्यावर कॅमेरा काढायचा तर परवाने,
म्हणून कोर्ट, कचेरी, स्वर्ग, मुलीकडची मंडळी
सगळी इथेच.
सोफा फिरवला की अकोला.
पडदा ओढला की यमाचा दरबार,
यम प्लास्टिकच्या स्टुलावर,
आणि मागे तेज म्हणून
गाडीच्या काचेला लावतात तो चंदेरी पत्रा.

मी दिग्दर्शक.
रविवार ते गुरुवार पाइपांचे आकडे भरतो.
दिग्दर्शक म्हणजे
उसळ सगळ्यांना पुरेल का हे ज्याला आधी कळतं,
आणि मागच्या शॉटमधला अर्धा खुबूस
कोणी खाल्ला, हे ज्याला कधीच कळत नाही.
गाडीची किल्ली मी फ्रीजमध्ये ठेवतो,
अंड्यांच्या शेजारी,
म्हणजे निघताना प्लग लावायची आठवण होते.
एकदा विसरलो होतो. रऊफभाईंचा सुरमई गेला.
पुढचे चार शुक्रवार ते मला
मयताच्या घरी आल्यासारखे भेटत होते.

रऊफभाई आमचे साहेब.
बावीस वर्षं गोदामात नट-बोल्ट मोजणारा माणूस,
टाय लावला की असा खेकसतो
की शाजीचा दांडा हलतो.
त्या दिवशी साहेब कारकुनाला काढून टाकतात, एवढाच सीन.
पत्र हवं होतं हातात. मी कोरा कागद शोधत होतो,
त्यांनी खिशातून घडी काढली.
म्हणाले, हे चालेल, इंग्रजी आहे, लांबून कळत नाही.

लांबून नाही कळत.
क्लोजअपमध्ये कळतं.
फोकस ओढत गेलो:
आधी अंगठा, मग शिक्का,
मग त्यांचंच नाव, आणि एकतीस ऑगस्ट.

मी म्हटलं, फोकस गेला, परत.
परत म्हटलं, परत.
एसी बंद. कोणी बोलेना. घाम
पापणीवरून स्क्रीनवर.
सातव्या वेळी त्यांनी टाय सैल केला:
'सायबा, कितीदा काढशील मला?'

सगळे हसले. इतके, की
वरच्या मजल्यावरच्या मिसरी बाईनं टाच आपटली.
तेवढं वाक्य ठेवलं मी. पत्र धूसर केलं.
तीनशे बारा लोकांनी पाहिलं,
त्यातले निम्मे आम्हीच.

घर रिकामं करताना
फ्रीज पंधरा दिनारला गेला.
दोघं जण तो खांद्यावर घेऊन जिना उतरत होते,
मी उगीच हात लावल्यासारखं करत मागे,
खिसे चाचपत,
आणि तोंडातून शब्द फुटेना.
वरून कठड्यावर ओणवून
रऊफभाई त्यांच्या साहेबी आवाजात ओरडले,
'कट! कट!'

आणि ते दोघं, ज्यांनी उभ्या आयुष्यात
कॅमेऱ्यासमोर काम केलं नव्हतं,
दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये
पाय अधांतरी ठेवून
तसेच थांबले.
आत कुठेतरी माझी किल्ली
घरंगळत होती.